पात्र म्हणजे तांब्या

दिवाळीच्या सुट्टीआधी चौथीच्या वर्गाला मी एक अपठित उतारा दिला होता. मीच रचलेला, तेरा ओळींचा. एक म्हातारी, तिची नात आणि एक शेळी. उन्हाळ्यात विहीर तळाला गेलेली, तरी म्हातारी दारातल्या कडुनिंबाच्या रोपाला रोज एक तांब्या पाणी घालते. नात म्हणते, एवढ्याशा पाण्यानं काय होणार? मधेच शेळी दोर तोडते आणि रोपाचा शेंडा खाऊन टाकते. म्हातारी रोपाभोवती काट्या लावते, पाणी चालूच ठेवते. पुढं नातीचं लग्न ठरतं तेव्हा मांडव त्याच झाडाच्या सावलीत पडतो. एवढंच.

पहिला प्रश्न होता, ‘या गोष्टीतील पात्रे लिहा.’ ३३ पैकी ११ जणांनी लिहिलं, तांब्या. काहींनी कळशीची भर घातली. उताऱ्यात कळशी नव्हतीच, पण विहीर आहे म्हणजे कळशी असणार, असा हिशेब. एकानं ‘तांब्या, म्हातारी’ असं लिहून दोन्हीकडून सोय करून ठेवली होती.

दुसरा प्रश्न, ‘गोष्टीची मध्यवर्ती कल्पना लिहा.’ एका मुलाचं उत्तर होतं, ‘शेळीने दोर तोडला.’ लाल पेनानं काट मारून मी पुढं गेले. तेच वाक्य चौथ्यांदा आलं तेव्हा थांबले. नक्कल असेल म्हणून कोण कुठं बसतं ते आठवून पाहिलं, तर चौघं चार कोपऱ्यांतले. मग उतारा समोर ओढून ओळी मोजल्या. वर सहा, खाली सहा, आणि मधली सातवी ओळ म्हणजे शेळीने दोर तोडला.

तिसरा प्रश्न, ‘तुम्हाला आवडलेला प्रसंग लिहा.’ एका मुलीनं लिहिलं होतं, ‘गोष्टीत प्रसंग आला नाही. सगळे नीट झाले.’ हा शब्द तिनं आजवर एकाच तऱ्हेनं ऐकला असणार. ‘काय प्रसंग ओढवला बघा बिचाऱ्यांवर.’

रात्री पेपर तपासताना आधी हसू आलं. दोन-तीन उत्तरं घरात वाचूनही दाखवली. हसून झाल्यावर मात्र पेपर पुन्हा हातात घेतले, कारण ही मुलं वाचणारी होती. उतारा त्यांना कळला होता. म्हातारीनं काट्या का लावल्या, या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ सगळ्यांचं बरोबर होतं. अडलं होतं ते उताऱ्यावर नाही, माझ्या प्रश्नातल्या शब्दावर.

वर्ग

शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, मराठी माध्यमाची. शाळेच्या मागच्या गल्लीत यंत्रमागाचा खडखडाट दिवसभर चालू. वर्गातल्या निम्म्या घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड, तीन-चार घरांत दखनी, उरलेल्यांत मराठी. वडील मागावर किंवा रिक्षावर, आई-आजी विड्या वळणाऱ्या. सकाळी आजीशी तेलुगू, गल्लीत आपली सोलापुरी, टीव्हीवर हिंदी आणि अकरा वाजता शाळेत आलं की पुस्तकाची मराठी.

म्हणून शिक्षकांच्या खोलीत निदान लगेच झालं. ‘घरची भाषा वेगळी, मग असंच होणार.’ मलाही ते सोयीचं होतं. पण पेपर पुन्हा लावून पाहिले तर तांब्या लिहिणाऱ्या अकरापैकी पाच जण पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या घरांतले निघाले. शिवाय तेलुगूतही पात्र म्हणजे भांडं आणि पात्र म्हणजे नाटकातलं माणूस, दोन्ही आहेच. आपल्यासारखंच संस्कृतातून आलेलं. दोष तेलुगूवर ढकलायला जागा उरली नाही.

मग मी वहीत आमच्या मराठीच्या तासाला येणारे शब्द उतरवून काढले. पात्र, प्रसंग, चरण, कडवं, भाव, रस, अलंकार, सार, धडा, मध्यवर्ती. यातला एकही शब्द मुलांना नवा नाही. नदीला पात्र असतं, विठ्ठलाला चरण, कांद्याला भाव, उसाला रस. अलंकार सराफाकडं मिळतात. धडा शिकवला जातो तो बहुधा भांडणात. कारलं कडू, म्हणून कडवं. अनोळखी शब्द आला की मूल विचारतं, ‘बाई, याचा अर्थ काय?’ ओळखीचा आला की विचारत नाही, कारण आपल्याला येतं असं त्याला वाटतं. चार वर्षं आम्ही ‘पात्रे लिहा’ म्हणत आलो आणि चार वर्षांत कुणीही विचारलं नव्हतं की पात्र म्हणजे काय.

तक्ता

पहिला उपाय मी तोच केला जो कुणीही केला असता. मोठा पिवळा कार्डशीट आणला, दोन रंगांची स्केचपेनं घेतली आणि व्याख्यांचा तक्ता भिंतीवर लावला. ‘पात्र : गोष्टीतील व्यक्ती, प्राणी किंवा वस्तू.’ रोज तास सुरू होताना वर्ग तो एका सुरात म्हणायचा. आठवड्यात पाठ झाला.

पुढच्या सोमवारी एका गोष्टीतली पात्रं विचारली, तर पहिल्या बाकावरचा, तोच तांब्यावाला, उठून म्हणाला, ‘पाटी, बाई.’ मी म्हटलं, पाटी कशी? त्यानं तक्त्याकडं बोट केलं. ‘किंवा वस्तू.’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. व्याख्या मार्गदर्शक पुस्तकातून घेतलेली होती आणि तिनं तांब्याला दार सताड उघडं ठेवलं होतं. बोलणारी छत्री, रुसलेला दिवा अशा गोष्टी असतात म्हणून कुणीतरी ‘किंवा वस्तू’ घातलं असणार. पण वस्तू पात्र कधी होते, हे तिथं लिहिलेलं नव्हतं. तक्ता मी संक्रांतीपर्यंत काढला नाही, निव्वळ एवढी मेहनत घेतली होती म्हणून.

घरी कुठं ऐकलाय?

दुसऱ्या खेपेला फळ्यावर नुसता शब्द लिहायचा आणि विचारायचं, हा घरी, बाजारात, देवळात कुठं ऐकलाय? ‘भाव’ लिहिल्यावर हात वर झाले. कांद्याचा भाव. सोन्याचा भाव. देवावर भाव पाहिजे. ‘तो लै भाव खातो.’ सगळं फळ्यावर उतरवलं. मग म्हटलं, कवितेतला भाव यातल्या कुणाच्या जवळचा? थोडी गडबड, मग दोन-तीन जणी म्हणाल्या, देवाच्या. ‘रस’ तर आणखी सोपा गेला. ऊस, आंबा, लिंबू झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, ‘माझे पप्पा म्हणतात मला अभ्यासात रस नाही.’ वर्ग हसला आणि पूल आपोआप बांधला गेला. त्या एका वाक्यापुढं मला रसाची व्याख्या सांगावी लागली नाही. तशीही चौथीला ती लागत नाही.

‘चरण’ या शब्दानं मात्र माझीच चूक उघडी पाडली. एक मुलगा कवितेचे चरण मोजताना कायम कमी सांगायचा. बारा ओळींच्या कवितेत तीन चरण. जूनपासून मी त्याला चूक देत होते. त्या दिवशी फळ्यावर ‘विठ्ठलाचे चरण’ लिहून झाल्यावर तो म्हणाला, ‘गाण्यात पण असतं. आधी पल्लवी, मग चरणम.’ घरी सतत तेलुगू गाणी. तेलुगूत, कन्नडातही, गाण्याचं ध्रुपद, परत-परत येणारी ओळ, म्हणजे पल्लवी आणि पुढचं प्रत्येक कडवं म्हणजे चरण. मराठी पुस्तकात चरण म्हणजे ओळ. म्हणजे तो कडवी मोजत होता, आणि बिनचूक मोजत होता. पाच महिन्यांच्या लाल फुल्या मी त्याच्याच वहीत बसून खोडल्या. ध्रुपद शिकवायला मग वेळ लागलाच नाही, ‘पल्लवी’ म्हटलं की अर्धा वर्ग पुढं. तेलुगूच्या जुन्या वृत्तांत ओळीतलं दुसरं अक्षर जुळवतात आणि त्याला प्रास म्हणतात, हे मला तेव्हा त्याच्या आजोबांकडून कळलं. आपलं यमक शेवटी जुळतं. दोन भाषांना एकच कान नसतो.

यमकावरून एक भांडणही झालं. ‘भाकरी’ आणि ‘चटणी’ जुळतात की नाही? शेवटी दोन्हीकडं दीर्घ ई आहे, असा एका गटाचा दावा. दुसऱ्या गटाचं म्हणणं, मग ‘भाकरी’ आणि ‘हत्ती’ पण जुळवा. ‘भाकरी–चाकरी’ मोठ्यानं म्हणून पाहिल्यावर पहिला गट गप्प झाला. यमक वहीत शिकवायचं नसतं, तोंडानं शिकवायचं असतं.

मध्यवर्ती

सातव्या ओळीवाल्या चौघांना मी विचारलं, हीच ओळ का? ‘मध्यवर्ती म्हणजे मधलं. मध्यवर्ती बसस्थानकासारखं.’ यावर शेजारचा लगेच, ‘अबे, ते कुठं मधे आहे?’ पाच मिनिटं बसस्थानकावरच गेली. पण तो वाद कामाला आला. स्थानक नकाशात मधोमध नसेल, तरी सगळ्या गाड्या तिथूनच सुटतात आणि तिथंच येतात, हे त्यांनीच सांगितलं. म्हटलं, मग गोष्टीतली सगळी वाक्यं कुठून सुटतात?

तरी ते जड गेलं, हे कबूल करते. वर्ग मध्यवर्ती कल्पना, तात्पर्य, विषय आणि सारांश हे चारही शब्द एकाच पोत्यात घालत होता, आणि खरं सांगायचं तर आम्हीही घालतो. मला जे जमलं ते असं. विषय विचारायचा दोन-तीन शब्दांत, गोष्ट कशाबद्दल आहे? झाडाला पाणी घालण्याबद्दल. मग विचारायचं, गोष्ट त्याबद्दल काय म्हणते? थोडं-थोडं पण रोज घातलं की झाड होतं. ही मध्यवर्ती कल्पना. उताऱ्यात ती एका ओळीत कुठंच लिहिलेली नाही, हे ऐकून सातव्या ओळीवाल्यांना फसवल्यासारखं वाटलं. आणि तात्पर्य म्हणजे गोष्ट ऐकून उठलेल्या माणसानं बांधून न्यायची शिदोरी. ती प्रत्येकाची थोडी वेगळी निघते. एकीचं तात्पर्य होतं, ‘शेळी नीट बांधावी.’ मी ते बरोबर दिलं.

सारांशाचं वेगळंच झालं. ‘सार’ म्हटल्यावर मराठी घरांतून आमसुलाचं सार आलं, तेलुगू घरांतून ‘चारू’. कुणीतरी म्हणालं, सारांश म्हणजे थोडंसं सार. सार अधिक अंश! व्युत्पत्ती म्हणून यात काढण्यासारखं काही नाही. पण थोडं म्हणजे किती? मुलं गोष्टीची पहिली चार वाक्यं उतरवत आणि थांबत. मापाची युक्ती एका मुलीकडून आली. तिची आजी सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळते आणि नातीला म्हणते, ‘लांबण लावू नको, पाच विड्यांत सांग.’ बस्स. त्या दिवसापासून आमच्या वर्गात सारांश पाच विड्यांचा. वळणाऱ्या हाताला पाच विड्यांना दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात म्हातारी, रोप, शेळी, काट्या, मांडव सगळं आलं पाहिजे. शेवट राहिला तर आजी पुढची विडी घेत नाही, नुसती बघत राहते, असं त्या मुलीनं सांगितलं. तंबाखूची धूळ आणि त्या कामाची मजुरी डोळ्यासमोर असताना हे माप वर्गात वापरावं का, याचा मी दोन दिवस विचार केला. वापरलं. ते माझं नव्हतं, तिच्या आजीचं होतं.

सारखं सारखं

उपमा चौथीला व्याख्येसकट शिकवायची गरज नाही असं माझं मत. पण शिष्यवृत्तीच्या तयारीची पुस्तकं लहान वर्गांत शिरतात आणि पालक विचारतात. दोघा-तिघांना पाठ होतं, ‘सारखा, समान, सम, परी, गत हे शब्द आले की उपमा, जणू, गमे, वाटे, भासे आले की उत्प्रेक्षा.’ शब्द शोधायचा, खूण करायची, गुण घ्यायचे. मी मुद्दाम वाक्य दिलं, ‘बाळ सारखं रडत होतं.’ तिघांनीही खाली रेघ मारली. उपमा!

आणखी एक दिलं, ‘ताई आणि मी सारख्या उंचीच्या आहोत.’ इथं तुलना आहे, पण उपमा नाही. दोन मुलींची उंची मापपट्टीनं सिद्ध होते, त्यात कल्पना कुठली? उलट ‘आजीचे हात भाकरीसारखे खरखरीत’ म्हटलं की हात आणि भाकरी या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू एका गुणावर भेटतात. ज्वारीची कडक भाकरी सगळ्यांच्या घरातली, त्यामुळं बोटांनाच कळलं. उपमेय, उपमान हे शब्द मी उच्चारले नाहीत. ‘कशाला म्हटलं?’ आणि ‘काय म्हटलं?’ एवढ्यावर काम भागलं.

मी म्हणजे कोण

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. निवेदक हा शब्द यादीत नव्हता. तो एकटाच मुलांना खरोखर नवा होता आणि तरीही सगळ्यात अवघड गेला.

सुरुवात एका फसलेल्या दृष्टान्तानं झाली. ध्रुपद समजावताना मी चादरीचं उदाहरण घेतलं होतं. सोलापुरी चादरीवर नक्षी जशी परत-परत येते, तसं कवितेत ध्रुपद येतं. उदाहरण शहरातलं, मला फार आवडलेलं. जॅकार्ड मागावर काम करणाऱ्याचा मुलगा शांतपणे म्हणाला, ‘बाई, नक्षी पुठ्ठ्यामुळं परत येते. भोकं पाडलेले पुठ्ठे असतात, ते फिरतात. कवितेत कोण परत आणतं?’ मी म्हटलं, कवी. तो म्हणाला, ‘पण कवी तर कवितेत नाही.’ चादर तिथंच गुंडाळली. प्रश्न मात्र राहिला.

जानेवारीत सिद्धेश्वराची, म्हणजे गड्ड्याची यात्रा आली. त्या दिवसांत सोलापुरात दुसरा विषय नसतो. सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंद्या म्हणजे बंदांचे अंगरखे, ६८ लिंगांची प्रदक्षिणा, अक्षता सोहळा, होम मैदानावरचे पाळणे. मुलांना म्हटलं, यात्रेबद्दल लिहा, पण स्वतः म्हणून नाही. दुसरं कुणीतरी व्हा आणि ‘मी’ म्हणून लिहा. कुणी नंदीध्वज पेलणारा झाला, कुणी हरवलेलं पोर, एकजण चक्क मोठा पाळणा झाला. ‘मी रात्रभर गरगर फिरतो, मला कोणी विचारत नाही की तुला चक्कर येते का.’ चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तूला माणसासारखं बोलायला लावणं, शिकवायची वेळ आली तेव्हा हे वाक्य तयार होतं.

वह्या तपासताना एका मुलीच्या वहीत पहिलंच वाक्य आलं, ‘मी होम मैदानावर फुगे विकतो.’

लाल पेन टेकलंच होतं. तेलुगू घरची मुलगी. तेलुगूत ‘मी विकतो’ आणि ‘मी विकते’ यांना एकच रूप, ‘नेनु अम्मुतानु’. बाई बोलो, बाप्या बोलो, क्रियापद हलत नाही. कन्नडातही तसंच. त्यामुळं या घरांतल्या मुली मराठीत ‘मी जातो, मी खातो’ म्हणतात आणि आम्ही वर्षभर ते दुरुस्त करत बसतो. हात सवयीनं ‘ते’ लिहायला गेला. खालची ओळ दिसली म्हणून वाचले, ‘माझी बायको घरी विड्या वळते.’

दुसऱ्या दिवशी तिला ते मोठ्यानं वाचायला लावलं. पहिल्या वाक्यालाच तिच्या बाकावरची मैत्रीण ओरडली, ‘विकते म्हण! तू मुलगी आहेस.’ ती म्हणाली, ‘मी नाही विकत. तो विकतो.’

‘पण “मी” लिहिलंय की.’

‘तो “मी” म्हणतोय.’

वर्गात दोन क्षण कुणीच बोललं नाही. मग मी फळ्यावर तिचं नाव लिहिलं, त्याखाली ‘फुगेवाला’ लिहिलं आणि विचारलं, गोष्ट कुणी लिहिली? नावाकडं बोटं गेली. गोष्ट कोण सांगतंय? फुगेवाल्याकडं. वरच्याला लेखक म्हणतात, खालच्याला निवेदक. एवढंच बोलले. व्याख्या वर्गानंच केली होती, मी फक्त नावं दिली. जॅकार्डवाल्याला मुद्दाम विचारलं, कवितेत कोण परत आणतं? ‘जो कवितेत “मी” म्हणतो तो,’ असं म्हणून त्यानं थोडं थांबून जोडलं, ‘पुठ्ठे कवीनं पाडलेले.’

मराठीची ही सोय मला इतकी वर्षं दिसली नव्हती. आपल्या भाषेत ‘मी’ला लिंग नाही, पण त्याच्या क्रियापदाला आहे. त्यामुळं लिहिणारी बाई आणि बोलणारा बाप्या वेगळे झाले की ते एका अक्षरात दिसतं, तो-ते, लो-ले. पुढचा आठवडा आम्ही हेच शोधत घालवला. पुस्तकातल्या कवितांमध्ये ‘मी’ कुठं आहे? तो मुलगा की मुलगी? कशावरून? कवीचं नाव खाली काय? दोन कवितांमध्ये काहीच खूण सापडेना, तेव्हा एकीनं वहीत लिहिलं, ‘निवेदक माहीत नाही, पण आहे.’

मग अभंगांवर गाडी आली आणि सगळं पुन्हा विस्कटलं. ‘तुका म्हणे’ असं तुकाराम स्वतःच का म्हणतात? ‘मी म्हणतो’ का नाही? याला नाममुद्रा म्हणतात, कवीनं शेवटी कवितेत विणलेली स्वतःची सही. ज्यांच्या घरी तेलुगू कवी वेमनांची पद्यं म्हटली जातात त्यांना ‘विश्वदाभिराम विनुर वेम’ ही शेवटची ओळ माहीतच होती. आणि ज्यांची यात्रा नुकतीच झाली ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले कन्नड वचनकार, म्हणजे वचन नावाच्या छोट्या भक्तिरचना करणारे. त्यांच्या वचनांत ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ अशी मुद्रा येते, कन्नडात तिला अंकित म्हणतात. तीन घरांतल्या तीन सह्या एका फळ्यावर आल्या. फरकही मुलांनीच पकडला. तुकाराम आणि वेमन आपलं नाव घालतात, सिद्धरामेश्वर देवाचं.

खरी का, बाई?

यात्रेवर लिहिताना हा प्रश्न येणारच होता. कुंभारकन्येचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागलं, ही अक्षता सोहळ्यामागची गोष्ट. खरी का? ‘आख्यायिका’ हा शब्द मी इथं दिला. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आणलेली, एखाद्या खऱ्या माणसाला किंवा जागेला धरून असलेली गोष्ट. लोककथेतल्या राजाला नाव-गाव नसतं, ‘एक आटपाट नगर’ असतं. आख्यायिकेला आपलं गाव असतं. आणि त्याच दिवसांत येणारा १२ जानेवारी आम्ही वेगळ्या रकान्यात लिहिला. १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. याला तारीख आहे, नोंदी आहेत. हा इतिहास. एका मुलानं विचारलं, ‘मग आख्यायिका खोटी?’ मी म्हटलं, खोटी नाही, तिला तारीख नाही. हे उत्तर फार बरं आहे असं मला वाटत नाही, पण त्या घटकेला दुसरं सुचलं नाही आणि घरी जाऊन आजीपुढं कुणाला वाद घालावा लागू नये असंही वाटत होतं.

मार्चमधला पेपर

शेवटी पुन्हा उतारा दिला. या वेळी गोष्ट एका रांजणाची. ओसरीवरचा रांजण फुशारकी मारतो की सगळं घर माझ्यावर जगतं. त्याच्या झाकणावर एक तांब्या उपडा ठेवलेला. सून येते, तांब्यानं पाणी काढते, जाते. दुपारी तांब्या हरवतो. रांजण पाण्यानं काठोकाठ भरलेला असूनही पाहुणा तहानलेला परत जातो. संध्याकाळी पोरगं अंगणातून तांब्या शोधून आणतं, रांजण हळूच म्हणतो, ‘आलास का बाबा?’

सगळं सुधारलं असं नाही. प्रसंग अजून दोघांवर ओढवलेला होता. मध्यवर्ती कल्पनेत अर्ध्या वर्गानं सारांश लिहिला, तोही पाच नव्हे, पंधरा विड्यांचा. निवेदक कोण, यावर बऱ्याच जणांनी ‘रांजण’ लिहिलं. खरं तर गोष्टीत ‘मी’ म्हणणारं कुणीच नव्हतं आणि बाहेरून सांगणाऱ्या निवेदकापर्यंत आम्ही नीट पोचलोच नव्हतो. ते पाचवीच्या बाईंना सांगून ठेवलं आहे.

पात्रांचा प्रश्न तपासताना मी पहिल्या बाकावरचा पेपर वर काढला. त्यानं नेहमीच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘रांजण (बोलतो). सून. पाहुणा. पोरगं. तांब्या (बोलत नाही पण तो नसला की गोष्ट होते, म्हणून घेतला).’